वर उडवलेले दोन छर्रे आणि त्यांच्यामधलं अंतर: प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

दहावीच्या विज्ञानात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यात वर फेकलेल्या वस्तूची गणितं आहेत, पण वस्तू नेहमी एकच असते. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तोच प्रश्न थोडा पुढे न्यायचं ठरलं. दोन चेंडू सारख्याच वेगाने सरळ वर उडवले, फक्त दुसरा जरा उशिरा सोडला, तर दोघांमधलं अंतर कसकसं बदलत जाईल?

वर्गात विचारलं तेव्हा दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं: पहिला टोकाला जाऊन परत फिरला की अंतर झपाट्याने मिटेल, कारण आता एक खाली येतोय आणि एक वर जातोय. दुसऱ्या बाजूचं म्हणणं: गुरुत्वाकर्षण दुसऱ्याला मागे ओढतंय, म्हणून तो पहिल्याजवळ पोचेपर्यंत मंदावेल आणि अंतर हळूहळू मिटेल. 'अंतर एकसारख्या वेगाने मिटेल' असं म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

फळ्यावर हे तीन ओळींत सुटतं. दोघांचं त्वरण तेच आहे, त्यामुळे वजाबाकीत ते निघून जातं. उरतो दुसऱ्याच्या उशिराचा परिणाम: जितके सेकंद उशीर, त्याला ९.८ ने गुणा, तितक्या मीटर प्रति सेकंद वेगाने अंतर कमी होणार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. चेहऱ्यांवरून दिसत होतं की पटलेलं नाही. म्हणून यंत्र बनवायचं आणि त्याच्या नोंदी इथे ठेवायच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत कोणी करायला घेतलं तर त्यांचा वेळ वाचेल.

२१ नोव्हेंबर

पहिला विचार सुरक्षिततेचा. मुलं आजूबाजूला असणार, म्हणून टेबल टेनिसचे चेंडू घेतले. त्यांचा व्यास ४० मिलिमीटर. दीड इंची यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) पाइप, शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा दर्जा), आतून ४१ मिलिमीटरच्या जरासा आत भरतो. चेंडू त्यात अलगद सरकतो. दोन फूट लांबीच्या दोन नळ्या कापून घेतल्या, आत लाकडी दट्ट्या आणि बेचकीचं रबर. पाइप, कपलिंग आणि रबर मिळून ₹३१०.

नळ्या उभ्या करायला प्रयोगशाळेतल्या जुन्या रॅकचे स्लॉटेड अँगल वापरले. शिपाईमामांनी ते मधल्या सुट्टीत खोलून दिले आणि पायाला आडवे तुकडे मारून दिले. नुसत्या डोळ्यांनी उभी दिसणारी नळी उभी नसते. ६ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटणारा चेंडू साधारण १.२ सेकंद हवेत राहतो. नळी २ अंश कलली असेल तर तेवढ्या वेळात तो पाव मीटर बाजूला जाऊन पडतो. गवंड्याचा ओळंबा नळीच्या तोंडातून आत सोडला आणि दोरा चहूबाजूंनी सारखा येईपर्यंत पायाखाली पत्र्याच्या चकत्या घातल्या. हे काम सावकाश करा. पुढे जे काही नीट मोजता आलं ते या ओळंब्यामुळे.

२६ नोव्हेंबर

चेंडू छान उडतात, दिसतात छान, कोणाला लागत नाहीत. फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं आणि ट्रॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे नेत दोन्ही चेंडूंची जागा टिपली. अंतराचा आलेख काढला तर रेषा सरळ आलीच नाही. सुरुवातीला अंतर भरभर कमी होतं, मग वेग मंदावत जातो. दुसऱ्या तटाची मुलं खूश. 'मॅडम, बघा, गुरुत्वाकर्षण मागे ओढतंय.'

त्यांना लगेच खोडून काढलं नाही. एकच चेंडू घेतला आणि तो किती उंच जातो ते मोजायला सांगितलं. नळीच्या तोंडाशी वेग ६ मीटर प्रति सेकंद. गुरुत्वाकर्षण एकटंच काम करत असतं तर चेंडू १.८ मीटर चढायला हवा. तो दीड मीटरवरच थांबतो. म्हणजे त्याला मागे ओढणारं आणखी कोणीतरी आहे, आणि ते म्हणजे हवा. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा, अंगाने मोठा. ६ मीटर प्रति सेकंद वेगाला हवेचा रोध त्याच्या वजनाच्या जवळजवळ चाळीस टक्के भरतो. शिवाय हा रोध वेगावर अवलंबून असतो. खालून नुकत्याच सुटलेल्या चेंडूला तो जास्त लागतो, टोकाजवळच्या चेंडूला जवळजवळ लागतच नाही. गुरुत्वाकर्षण दोघांना सारखंच वागवतं, हवा वागवत नाही. वजाबाकीत उरलेलं वळण हवेचं आहे.

दीड इंची नळ्या बाजूला ठेवल्या. फेकून दिल्या नाहीत, पुढे कामाला आल्या.

२९ नोव्हेंबर

आता जड आणि लहान गोळी हवी. नाशिकमधल्या आडगाव नाक्याकडच्या एका ट्रक गॅरेजमधून बेअरिंगचे मोठे छर्रे आणले, एक इंच व्यासाचे. एकेक छर्रा सुमारे ६५ ग्रॅम. गॅरेजवाल्या दादांनी पैसे घेतले नाहीत. शाळेसाठी म्हटल्यावर घासून पुसून दिले. याच वेगाला छर्ऱ्यावरचा हवेचा रोध त्याच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी असतो.

एक इंची यूपीव्हीसी पाइप घेताना छर्रा खिशात घेऊन जा. शेड्यूल ४० चा पाइप आतून २६.६ मिलिमीटर असतो, त्यात २५.४ चा छर्रा बरोबर बसतो. शेड्यूल ८० चा बाहेरून अगदी तसाच दिसतो, पण त्याची भिंत जाड असते आणि छर्रा आतच जात नाही. दुकानातल्या काकांनी 'एकच आहे, घेऊन जा' म्हणून जाड पाइप पुढे केला होता. छर्रा टाकून दाखवला तेव्हा बदलून दिला.

छर्ऱ्याला रबर पुरत नाही. सातपूर एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून नायलॉनचे दोन दट्टे करून घेतले आणि त्यांच्याच ओळखीने दोन स्प्रिंगा मिळाल्या. ५ किलोचं वजन ठेवलं की साधारण ८ सेंटिमीटर दबणाऱ्या. दट्टे आणि स्प्रिंगा मिळून ₹७४०. यात काटकसर करू नका. दोन स्प्रिंगा एकाच लांबीच्या तारेतून, एकाच वेळी वळलेल्या घ्या.

आजपासून नियम: छर्रा नळीत भरला की दोन मीटरच्या आत उडवणाऱ्याशिवाय कोणी नाही, नळीजवळ असणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, आणि नळीत वाकून बघायचं नाही. पावणेदोन मीटरवरून पडणारा लोखंडी छर्रा डोक्यात बसला तर टाके पडतील.

२ डिसेंबर

स्प्रिंग दाबून धरायला नळीला आरपार भोक पाडून त्यात खिळा घातला होता. खिळा दोऱ्याने ओढला की छर्रा सुटायला हवा. पण दाबलेल्या स्प्रिंगचा पाच किलोचा भार खिळ्यावर असतो, त्यामुळे तो ओढताना अडकतो, वाकडा होतो, मग एकदम निसटतो. छर्ऱ्याचा वेग कधी साडेपाच, कधी सहा.

सायकल दुरुस्तीवाल्याने मार्ग काढून दिला. खिळ्याच्या जागी एका टोकावर फिरणारी लोखंडी पट्टी बसवली, तिच्या दाढेत दट्ट्याची खाच अडकते. पट्टीला सायकलच्या ब्रेकची केबल जोडली आणि अँगलवर ब्रेकचं लिव्हर. लिव्हर दाबलं की पट्टी स्वच्छ मागे सरते. दोन्ही बाजूंचं सामान आणि मजुरी ₹२६०. आता एकाच नळीतून पुन्हा पुन्हा उडवलं तरी वेगातला फरक ०.१ मीटर प्रति सेकंदाच्या आत राहतो.

खाली पडणारे छर्रे झेलायला घमेल्यात वाळू ठेवली होती. वाळूचे कण छर्ऱ्याला चिकटून नळीत गेले आणि दुपारपर्यंत दोन्ही दट्टे करकरायला लागले. सगळं उघडून, पुसून, शिलाई मशीनचं तेल लावण्यात संध्याकाळ गेली. वाळूऐवजी चार पदरी गोणपाट आणि खाली जुनी गादी. छर्रा उसळत नाही, घाणही होत नाही.

५ डिसेंबर

आजचा पूर्ण दिवस फोनने खाल्ला. सभागृहात चित्रण केलं तर पडद्यावर काळे पांढरे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद आणि तेज होतात. डोळ्याला कळत नाही, सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या फोनला कळतं. शिवाय दिव्यांचा उजेड कमी, म्हणून फोन प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो. ६ मीटर प्रति सेकंद वेगाचा छर्रा एका फ्रेमच्या काळात २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या अंगाइतका. फ्रेममध्ये गोळी न दिसता एक लांबट डाग दिसतो.

सगळा डोलारा उचलून पूर्वेकडच्या व्हरांड्यात आणला. सकाळी नऊ ते साडेदहा तिथे थेट ऊन असतं. पट्टे गेले, डाग गेला, गोळी गोल दिसायला लागली. लोखंडावर ऊन चमकतं आणि ट्रॅकर त्या चमकेलाच छर्रा समजतो. त्यावर मुलींनी नेलपॉलिशचा उपाय काढला. एक छर्रा लाल, एक हिरवा, एकच पातळ हात. जाड थर दिला तर तो नळीत खरवडला जातो.

एक फोन असा निघाला की डब्यावर २४० फ्रेम लिहिलंय, पण चित्रणात काही फ्रेम अगदी आधीच्या फ्रेमसारख्याच येतात, तर काहींत छर्ऱ्याची फिकट भुतं दिसतात. फोन मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो. हे तपासायला छर्रा नुसता हातातून सोडून चित्रण करा. पडताना प्रत्येक फ्रेमला तो आधीपेक्षा थोडा जास्त सरकला पाहिजे. कुठे जागच्या जागी थांबलेला दिसला तर तो फोन या कामाचा नाही. आणि चित्रण फोनमधून काढताना मूळ फाइल काढा. मेसेजवर पाठवलेली फाइल दाबली जाते आणि फ्रेम गळतात.

७ डिसेंबर

एकट्या छर्ऱ्याच्या चित्रणावरून गुरुत्व त्वरण काढलं तर १०.७ आलं. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास. इथे ते ९.७८ च्या जवळपास असायला हवं. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. पृथ्वीवर कुठेही १०.७ नाही.

कारण मोजपट्टीत सापडलं. ती मागच्या भिंतीवर चिकटवलेली, छर्रे भिंतीच्या ४० सेंटिमीटर पुढे. फोन छर्ऱ्यांपासून ४ मीटरवर. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून छर्ऱ्याने कापलेलं अंतर भिंतीवरच्या पट्टीने मोजलं की बरोबर दहा टक्के जास्त भरतं. पट्टी काढून दोन्ही नळ्यांच्या मधोमध, त्यांच्याच रेषेत उभी केली. आता ९.७ येतं. हवा आणि आमची हातची मापं धरली तर हे चांगलं आहे.

मोजपट्टी चुकीच्या जागी असतानाही आलेख सरळ तो सरळच राहतो, फक्त त्याचा चढ बदलतो. आकार आणि आकडा यांची तपासणी वेगवेगळी करावी लागते, हे मुलांना इथे नीट कळलं.

१० डिसेंबर

मुख्य प्रयोगाच्या आधी एक सोपा प्रयोग हाती घेतला. एक छर्रा वरून नुसता सोडायचा, त्याच क्षणी दुसरा खालून वर उडवायचा. दोघांतलं अंतर २.४ मीटर, खालच्याचा वेग ६. भेट किती वेळाने? २.४ भागिले ६, म्हणजे ०.४ सेकंद. गुरुत्वाकर्षण नसतं तरी तेवढाच वेळ लागला असता. फक्त भेटीची जागा बदलली असती. गुरुत्वाकर्षणामुळे दोघेही त्या ०.४ सेकंदात ७८ सेंटिमीटर खाली ओढले जातात, आणि भेट वरच्या टोकापासून ७८ सेंटिमीटरवर होते.

दोन्ही छर्रे एकाच उभ्या रेषेत ठेवू नका. तसं ठेवलं की टक्कर होणारच, आणि नुसत्या टकरीने काहीच सिद्ध होत नाही. वरचा ६ सेंटिमीटर बाजूला ठेवला. ते एकमेकांशेजारून जातात आणि कुठल्या फ्रेमला शेजारी आले ते मोजता येतं.

वरचा छर्रा धरायला १२ व्होल्टचं विद्युतचुंबक, ₹३५०. त्याची वायर नळीच्या तोंडावर ताणलेल्या स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या २ मिलिमीटर पट्टीतून नेली. खालचा छर्रा बाहेर पडताना फॉइल फाडतो, वीज तुटते, वरचा सुटतो. टायमर नाही, स्विच नाही.

भेट मात्र ०.४२ सेकंदाला होत होती, पाच-सहा फ्रेम उशिरा. चित्रण हळू फिरवून पाहिलं तर फॉइल फाटल्यावरही वरचा छर्रा तब्बल आठ फ्रेम चुंबकाला चिकटून राहतो. दोन कारणं निघाली. एक, चुंबकावर आडवा जोडलेला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. वीज तुटल्यावर वेटोळ्यातला प्रवाह त्यातून फिरत राहतो आणि चुंबक लवकर मरत नाही. हा डायोड ट्रान्झिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) वाचवण्यासाठी लावतात. इथे ट्रान्झिस्टरच नाही, फॉइलला वाचवायचं कारण नाही. डायोड काढला. दोन, १२ व्होल्ट गरजेपेक्षा फार. छर्ऱ्याला धरून ठेवायला ५ व्होल्टही पुरतात, म्हणजे फोनचा चार्जर. चुंबकाच्या तोंडावर कागदी स्टिकर लावला, म्हणजे लोखंडाला लोखंड थेट चिकटत नाही. आता उशीर दोन फ्रेम आणि भेट ०.४० ते ०.४१ सेकंदाला.

१३ डिसेंबर

मुख्य प्रयोगात दुसरा छर्रा ठरलेल्या वेळेने उशिरा सोडायचा होता. त्यासाठी टायमर म्हणून मायक्रोकंट्रोलर (चिपवरचा छोटा संगणक), रिले (विजेने चालणारा स्विच) आणि दाराच्या कुलपाचे दोन सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ओढणारी वेटोळी) आणले, ₹११५० गेले. ३०० मिलिसेकंदांचा उशीर लावला तर प्रत्यक्षात कधी २७०, कधी ३४०. सोलेनॉइडला पट्टी ओढायची ताकद जेमतेम, त्यात थंडीच्या सकाळी तेल दाट. रिले बदलून पाहिला, पट्टीला कानस मारली, वीजपुरवठा मोठा घेतला. फरक थोडाच.

शेवटी दहावीतल्या एका मुलीने विचारलं, 'मॅडम, उशीर आधी ठरवायलाच पाहिजे का? चित्रणात दिसतोच ना किती झाला ते.' प्रश्न अगदी बरोबर होता. सिद्धांत म्हणतो की उशीर कितीही असो, अंतर मिटण्याचा वेग त्या उशिराच्या ९.८ पट. मग उशीर जितके वेगवेगळे तितकं चांगलं. सोलेनॉइड काढले, ब्रेकची लिव्हर परत लावली, दोन मुलं दोन लिव्हरवर. एकाने दाबलं की दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा दाबायचं, फक्त अर्ध्या सेकंदाच्या आत.

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी टायमरच्या वाटेला जाऊच नये.

१७ डिसेंबर

आज खरी मापं झाली. ऊन स्वच्छ, वारा नाही.

पहिला आलेख उमटताना सगळे संगणकाभोवती जमले होते. उशीर ०.३० सेकंद, डावा छर्रा आधी. ट्रॅकरमध्ये दोन्हींच्या उंचीचे दोन आलेख आले, दोन कमानी, एक दुसरीच्या मागे. मग वजाबाकीचा स्तंभ जोडला आणि अंतराचा आलेख आला: पट्टी लावून मारल्यासारखी सरळ रेषा. पहिला छर्रा टोकाला जाऊन थांबतो त्या फ्रेमवर बोट ठेवलं. रेषेवर तिथे काहीच नाही. पहिला खाली यायला लागतो आणि दुसरा अजून वर चढतोय, तिथेही काही नाही. दोघे शेजारून जातात तिथे रेषा शून्य ओलांडते आणि त्याच चढाने पुढे जाते. पहिल्या तटातला एक मुलगा रेषेवर कोन शोधत राहिला, आलेख मोठा करून करून. सापडला नाही तेव्हा स्वतःच म्हणाला, 'म्हणजे पहिला टोकाला पोचला हे दुसऱ्याला कळतच नाही.' मला या प्रकल्पातून हेच ऐकायचं होतं.

नंतर वेगवेगळ्या उशिरांचे आकडे. डावा आधी असताना ०.२० सेकंद उशिराला अंतर मिटण्याचा वेग १.७४ मीटर प्रति सेकंद, ०.३० ला २.७५, ०.४० ला ३.६८. उजवा आधी असताना ०.१५ ला १.६९, ०.२५ ला २.६६, ०.४० ला ४.१०. उशीर आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर घेतला तर सगळे बिंदू एका रेषेवर येत नाहीत, दोन समांतर रेषांवर येतात. दोन्हींचा चढ ९.६ ते ९.७. एक रेषा शून्याच्या ०.२ खाली अक्षाला छेदते, दुसरी ०.२ वर.

हे ०.२ म्हणजे दोन स्प्रिंगांमधला फरक. डावी नळी छर्रा थोडा जास्त जोरात उडवते. डावा आधी सुटला की तो दुसऱ्यापासून लांब पळायचा प्रयत्न करतो, म्हणून अंतर ०.२ ने हळू मिटतं. उजवा आधी सुटला की मागून येणारा डावा जोरात असतो, ०.२ ने भरभर. नळ्यांचे वेग वेगळे मोजले तर डावी ६.१, उजवी ५.९. स्प्रिंगा जुळवत बसायची गरजच उरली नाही. फरक किती आणि कुठल्या बाजूला हे आलेख आपणहून सांगतो, आणि चढाला त्याचा धक्का लागत नाही. म्हणून दोन्ही क्रमांनी मापं घ्या. एकाच क्रमाने घेतली तर शून्यातून न जाणारी रेषा बघून डोकं फिरेल.

१९ डिसेंबर

ट्रॅकरमध्ये एक सोय आहे: संदर्भ चौकट, म्हणजे जिथून सगळी अंतरं मोजायची ती जागा, एखाद्या हलत्या वस्तूला जोडता येते. ती दुसऱ्या छर्ऱ्याला जोडली. पडद्यावर दुसरा छर्रा मधोमध स्थिर झाला, व्हरांड्याचे खांब आणि मोजपट्टी त्याच्या मागे वरखाली जायला लागली, आणि पहिला छर्रा वरून संथपणे खाली आला. न थांबता, न वेग घेता. दर १२ व्या फ्रेमला ठिपका उमटवला तर ठिपके साधारण १४ सेंटिमीटरच्या सारख्या अंतरावर, वरपासून खालपर्यंत. मुलांनी ते पडद्यावरच फूटपट्टी लावून मोजले.

दुसऱ्या छर्ऱ्यावर बसलेल्या मुंगीला गुरुत्वाकर्षण आहे हे कळणारच नाही, हे सांगायला आता सूत्र लागलं नाही. १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करत असताना आईनस्टाईनच्या मनात आलं की मोकळं पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही. त्याच वाटेने तो पुढे सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांतापर्यंत गेला. दहावीच्या मुलांना मी एवढंच सांगितलं, पुढचं त्यांचं त्यांनी वाचावं. दोघांनी आजच ग्रंथालयातून पुस्तकं नेली.

२३ डिसेंबर

प्रदर्शन झालं. मंडपात स्लो मोशन जमत नाही, दिव्यांचे पट्टे येतात. आम्ही सकाळचं शाळेतलं चित्रण लॅपटॉपवर ठेवलं आणि यंत्र नुसतं उडवून दाखवायला. तिथे छर्रे नव्हते, गर्दीत ते उडवणं योग्य नाही. बाजूला ठेवलेल्या दीड इंची नळ्या आणि टेबल टेनिसचे चेंडू तिथे बाहेर काढले. प्रेक्षकांना आधी चेंडूंची वाकलेली रेषा दाखवायची, मग छर्ऱ्यांची सरळ, आणि विचारायचं की वळण कोणी आणलं. लोक थांबून उत्तर द्यायचे.

परीक्षकांनी विचारलं, दोन्ही गोळ्या वेगळ्या वजनाच्या असत्या तर? त्या दिवशी उत्तर तोंडीच दिलं.

२४ डिसेंबर

काल विचारलेलं आज करून पाहिलं. एका नळीत छर्रा, दुसरीत इंचभर काचेची गोटी, सुमारे २० ग्रॅम. गोटी हलकी, त्यामुळे तीच स्प्रिंग तिला फार जोरात उडवते. पहिल्याच वेळी व्हरांड्याच्या छताला लागून फुटली. दोन मीटरचा नियम पाळला म्हणून कोणाला काचा लागल्या नाहीत. पट्टीची दाढ वर घेऊन स्प्रिंग कमी दाबली, गोटीचा वेग सहाच्या जवळ आला. अंतराची रेषा पुन्हा सरळ, जरा बारीक वळण आहे, कारण गोटीवर हवेचा रोध वजनाच्या दोन टक्क्यांच्या पुढे जातो. वजनाचा दुसरा काही परिणाम दिसला नाही.

एकूण खर्च ₹३००० च्या जरा आत, त्यात टायमरचे ₹११५० वगळले तर बाकीचं सगळं वापरात आहे. नळ्या, लिव्हर आणि अँगल भौतिकशास्त्राच्या कपाटावर ठेवले आहेत. स्प्रिंगा दाबलेल्या ठेवू नका, ढिल्या पडतात. दट्टे बाहेर काढून कापडात गुंडाळले. ओळंबा मामांना परत द्यायचा आहे.